मांडीवरचा तलाव

सिंदेवाहीच्या मनसारामची मयुरी नागपूरले विद्यापीठात शिकाले गेली. थे बी काय, तर कॉम्प्युटरातल्या माहितीले कोणते धोके असते आन् थे कसे सांभाळाचे. माय गोकुळा बाजारात सांगे, "माही पोरगी भेव शिकून राह्यली."

दोन हजार तीनची गोष्ट. प्रोजेक्टासाठी मयुरीनं आपल्याच गावची मच्छीमार संस्था धरली. तिथल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरात तलावाची सारी नोंद: सभासद कोण, कोणत्या साली मासोळी किती निघाली. सोमवारी हेच दाखवून तलावाचा ठेका पुन्हा घ्याचा होता. सचिव गुणवंतराव त्या यंत्राले असा जपे, का नव्या नवरीले कोणी जपत नाई.

"भाऊ, फ्लॉपीतली नोंद परत आणून पाह्यली का कधी?" मयुरीनं सहज विचारलं.

"रोज संध्याकाळी फ्लॉपीत नक्कल भरतो मी. भरोसा नाई काय? हे पाह्य."

तिनं चहाची बशी खाली ठेवाच्या आत गुणवंतरावानं कॉम्प्युटरातली नोंदीची फाइल पुसली. स्वच्छतेची हौस मोठी, स्क्रीनवरची कचऱ्याची टोपलीबी रिकामी केली. मंग फ्लॉपी घातली.

फ्लॉपीत फाइल नव्हतीच. दोन वरसं बिचारा फाइलीकडे बोट दाखवणारं निस्तं चित्र, शॉर्टकट, भरत होता. जेवणाच्या जागी खानावळीची पाटी.

दारात बसलेल्या मनसारामची बिडी हातातच विझली.

"एकडाव पुन्हा पाहू दे," गुणवंतरावाचा हात पुढं आला. मयुरीनं प्लगच उपटला.

"नोका लावू हात. पुसलेलं अजून आतच असते, भाऊ. त्याच्यावर दुसरं काही लिहिलं गेलं, का मंग संपलं."

तिनं पेचकसानं डबा खोलला, आतली हार्ड डिस्क काढली, मायच्या लुगड्यात गुंडाळली आन् नागपूरची एसटी धरली. गुणवंतराव बाजूले बसला. खड्डा आला का दोघायचेबी हात गाठोड्यावर जात.

"मांडीवर काय व पोरी, अंडे काय?" कंडक्टरनं विचारलं.

"तलाव आहे, काका."

कंडक्टर हासला. हे दोघं नाई.

विद्यापीठाच्या लॅबमध्ये मयुरीले शिकवणाऱ्या रीता मॅडमनं डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरले जोडली. पुसलेल्या फाइली बिननावाच्या वर येत गेल्या. एक उघडली, अक्षरायच्या जागी निस्ते किडेमकोडे. दुसरी, थेच. यंत्राची कोणतीबी परीक्षा घ्याच्या आधी एक नक्कल काढा, हे मयुरीच्या पुस्तकात पहिल्याच धड्यात होतं. तिनं त्याखाली लाल रेघबी ओढली होती. आन् गावात जाऊन पहिला प्रश्न विचारला थो नक्कल न काढता.

मंग एक फाइल उघडली, आन् पडद्यावर बापाचं नाव आलं. खाली तलाव, साल, मासोळी. सारं.

गुणवंतराव हळूच बोलला, "हे रिपोर्टात लिवशील काय?"

"लिवावं लागते, भाऊ. पण पहिला धोका म्हणून माहं नाव लिवतो. तुमचं दुसरं."

"बरं झालं, पोरी. दुसरा नंबर तं दुसरा."

मॅडमनं चहा मागवला. गुणवंतरावानं कपाले हात लावला नाई. स्वताच्या हातानं फाइल कोऱ्या फ्लॉपीत भरली, फ्लॉपी काढली, पलीकडच्या कॉम्प्युटरात घातली आन् उघडून साऱ्यायचे नावं वाचले. मंग थंड झालेला चहा घेतला.