पोवळ्यांची पंगत

नाशिकमध्ये, समुद्रापासून इतक्या लांब, हॉलमध्ये खाऱ्या पाण्याचा टँक ठेवला की किस्से काचेवरच्या शेवाळासारखे साचतात. आज खरवडले तरी उद्या नवे हजर!

माझ्या टँकमध्ये पिवळं पोवळं आहे. जिवंत, आणि महा लाडावलेलं. त्याची इवली तोंडं उमलली की प्रत्येकात ड्रॉपरने कोळंबीचा कण भरवावा लागतो. संध्याकाळी मी पंप बंद करून भरवायला बसलो की पाहुण्यांनासुद्धा चहा मिळत नाही. बायको, कविता, सरळ सांगते, "आधी त्यांचं उरकू द्या."

*

शेजारचे पाटीलकाका मंगळासाठी पोवळ्याची अंगठी घालतात. भरवण्याचा सोहळा बघून ते गंभीर झाले. बोटाकडे बघत म्हणाले, "म्हणजे हे इतकी वर्षं उपाशीच?"

तेव्हापासून काका अंगठी आतल्या खोलीत ठेवून मगच जेवायला बसतात, असं काकू सांगतात.

*

टँकमधला क्लाउनफिश पक्का चोर. पोवळ्याच्या तोंडातला घास ओढून पळतो. नामपूरहून राहायला आलेल्या आईने हे पाहिलं आणि प्लास्टिकची बाटली अर्धी कापून पोवळ्यावर झाकायला लावली. बाटलीच्या तोंडातून ड्रॉपर आत. पंगतीत कुत्रं शिरलं तर चूक वाढणाऱ्याची, हा तिचा निकाल.

*

खूश होऊन मी ड्रॉपर आईच्या हाती दिला, तिथेच फसलो. तिच्या पंगतीतून आजवर कुणी एका वाढीवर उठलेलं नाही. आम्ही दिंडोरीला लग्नाला गेलो, त्या दिवशी तिने पोवळ्याला आग्रह केला. त्याला नको म्हणता येईना!

परतलो तर पाणी गढूळ आणि तोंडं गच्च मिटलेली. पाणी बदललं, रोज ड्रॉपर घेऊन बसलो, पण एक तोंड उघडेल तर शपथ. ते मरणार या धास्तीने मला जेवण जाईना. आई तर टँकसमोरून जायचीच बंद झाली. लेकरं आपल्यामुळे रुसली, असं कविताजवळ म्हणाली.

*

त्यात श्रावण लागला. श्रावणात आई कोळंबीला शिवणं सोडाच, फ्रीजरच्या त्या खणाकडे बघतही नाही.

एका सोमवारी ऑफिसातून आलो तर पंप बंद. उपास धरलेली आई पदर खोचून टँकसमोर बसलेली, आणि पोवळं पिवळंधमक उमललेलं. ती प्रत्येक तोंडात कोळंबीचा एक कण सोडत होती. एकच, आग्रह नाही.

"आई, तुझा श्रावण आहे ना?"

"श्रावण मना शे," ती तिच्या अहिराणीत म्हणाली. "त्यास्ना नई."

मग तिने ड्रॉपर धुऊन ठेवला, पंप सुरू केला आणि पुन्हा अंघोळीला गेली.