बहिणीच्या अर्जातलं क्रियापद

मला इंग्रजी येतं असा आमच्या घरात समज होता. तो मीच पसरवला होता, त्यामुळे पुढे जे झालं त्याबद्दल तक्रार करायला मला तोंड नाही.

जबलपूरच्या एका सरकारी कचेरीत मी मसुदे लिहायचो. साहेबाच्या मनातली गोष्ट इंग्रजीत मांडून त्याच्यापुढे ठेवायची, त्याने लाल पेन्सिलीने खोडली की पुन्हा मांडायची, हे माझं काम. सी. पी. च्या, म्हणजे मध्य प्रांताच्या, कचेऱ्यांतून तेव्हा माझ्यासारखे मराठी लोक पुष्कळ होते. घरात मराठी, बाजारात हिंदी, आणि दहा ते पाच भीतभीत इंग्रजी.

धाकटी बहीण विधवा होऊन माझ्याकडे आली त्याला चार वर्षं झाली होती. घरात तिला कोणी काही बोलत नव्हतं. पण आपण उगाच आहोत, हे तिच्या चालण्याबसण्यातून दिसायचं. त्या साली मास्तरणींच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये थोड्या जागा निघाल्या. राहायला खोली, आणि शिकून झाल्यावर नोकरी. अट अशी की अर्ज इंग्रजीत, उमेदवाराने स्वतः लिहिलेला हवा. पुढच्या वर्षी तिचं वय अटीबाहेर जाणार होतं. म्हणजे संधी ही एकच.

"चार महिन्यांत तुला इंग्रजी लिहायला शिकवतो," मी म्हणालो. हे वाक्य मी आजही मागे घ्यायला तयार आहे.

संध्याकाळचा चहा झाला की आम्ही ओसरीवर बसायचो. अक्षरं, स्पेलिंगं तिने भराभर उचलली. घोडं अडलं ते एकाच अर्थाच्या दोन शब्दांपाशी.

"हेल्प म्हणजे मदत. असिस्ट म्हणजे?"

"मदतच."

"मग दोन शब्द काहून?"

मी डिक्शनरी उघडली. असिस्टपुढे लिहिलं होतं हेल्प. हेल्पपुढे लिहिलं होतं असिस्ट. बिगिनकडे गेलो, त्याने कमेन्सकडे पाठवलं. कमेन्सने परत बिगिनकडे. तालुक्याच्या कचेरीत गरीब माणसाला एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवतात, तसं त्या पुस्तकाने मला फिरवलं.

"साहेब लोकांची भाषा मोठी आहे, त्यांच्याकडे शब्द जास्त," मी म्हणालो.

"पण केव्हा कोणता लिहायचा, हे त्यांना तरी माहीत असेल ना?"

आत्याला प्रश्न विचारायचं वळण आहे, हे माझी मुलं तेव्हाच ओळखून होती. मला मात्र रोज नव्याने धक्का बसायचा.

शेवटी मी माझं गुपित बाहेर काढलं. साहेबाने माझा जो शब्द खोडला तो डावीकडे आणि त्याने घातलेला उजवीकडे, अशी एक वही मी सात वर्षं लिहीत आलो होतो. डावीकडचं चूक, उजवीकडचं बरोबर. माझं सगळं इंग्रजी त्या वहीत होतं. मी ती मोठ्या ऐटीत तिच्यापुढे ठेवली.

दोन दिवसांनी तिने विचारलं, "दादा, इथे तू रिक्वेस्ट लिहिलं, साहेबाने डिझायर केलं. आणि चार पानांनी तू डिझायर लिहिलं तर त्याने रिक्वेस्ट केलं. मग बरोबर कोणतं?"

मी वही ओढून घेतली. खरंच तसं होतं. आणि एकदा नाही, तीनदा! सात वर्षं मी ती वही उशाशी ठेवून झोपत होतो आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत आमच्या बडे बाबूंना विचारलं. पान चघळत ते म्हणाले, "भैया, काहे को सिर खपाते हो? साहब ने जो काटा, सो गलत."

"पर वही शब्द उन्होंने खुद लिखा था!"

"तो उस दिन सही था."

मी संतापून घरी आलो आणि शिकवणी बंद करायची असं ठरवलं. बहीण वही मांडीवर घेऊन वाटच पाहत होती.

"हे डिझायरवालं पत्र कोणाला होतं?"

"तहसीलदाराला. काय फरक पडतो?"

"आणि रिक्वेस्टवालं?"

"नागपूरला, सेक्रेटरीकडे."

अशी तिने मला पन्नास-साठ पत्रं आठवायला लावली. कोणाला, कोणाकडून. मी वैतागून उत्तरं देत होतो, ती पेन्सिलीने खुणा करत होती. मग म्हणाली, "तू नुसते शब्द उतरवलेस. शब्द चुकला नव्हता रे, माणूस चुकला होता. खाली लिहिताना डिझायर, वर लिहिताना रिक्वेस्ट. रिग्रेट पण बघ, वरून खालीच येतं. खालून वर जाताना अपॉलॉजी."

"हे तुला कसं कळलं?"

"यात काय कळायचं? वहिनी मला 'पाणी भर' म्हणते. मी वहिनीला 'पाणी भरू का' म्हणते. घागर तीच आहे."

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. "म्हणजे मी हुकूम सोडून राहिली का तुमच्यावर?" आमची मंडळी दारात.

"नाही हो वहिनी, मी इंग्रजी शिकून राहिली."

"मग आपल्या दादाचं उदाहरण घ्या की. ते तर पाणी भरा पण म्हणत नाहीत, नुसते खोकतात."

हे मात्र खरं होतं, म्हणून मी लगेच अर्जाकडे वळलो.

अर्जाचा मसुदा मी माझ्या हाताने तयार केला होता: आय मोस्ट हम्बली बेग, म्हणजे अत्यंत नम्रपणे भीक मागते. अक्षरही तिच्यासारखं काढलं होतं, तिने फक्त खाली सही करायची. तिने वाचला आणि खाली ठेवला.

"बेग नको."

"अगं, तुझाच नियम! तू खाली, ट्रेनिंग स्कूलची मॅडम वर. खालून वर बेग."

"जागा मिळाली की ती माझी साहेब. आत्ता मी तिच्या दारात आलेली एक बाई आहे."

मग एका शब्दासाठी तीन संध्याकाळी गेल्या. वॉन्ट तिला हट्टी पोरासारखं वाटलं. विश म्हणजे देवापुढे हात जोडल्यासारखं. डिझायर कमिशनरला शोभतं. सॉलिसिट तिला उच्चारता येईना, आणि खरं सांगायचं तर मलाही. शेवटी तिने अप्लाय निवडलं. आय अप्लाय. मी अर्ज करते.

"इतकं कोरडं? जागा गेली तर?"

"तसं म्हणू नकोस दादा. ती गेली तर मी कुठे जाऊ?" तिने पेन्सिल खाली ठेवली. "पण पहिल्याच ओळीत हात पसरला, तर पुढे वर्गात पोरींसमोर उभी कशी राहू?"

मी चिडून उठलो. अर्ज टाकायला बडा फुहाऱ्याच्या बाजारातल्या टपालपेटीपाशी गेलो, तेव्हा तिचा अर्ज एका खिशात होता आणि माझी बेगवाली प्रत दुसऱ्या. आज कबूल करायला हरकत नाही, आपलीच प्रत टाकायची हा माझा विचार पक्का होता. अक्षर तर तिच्याशी जुळतंजुळतं काढलंच होतं. पण प्रत उघडून बघतो तर खाली सहीच नव्हती! बहिणीने ती नीट घडी करून तशीच परत दिली होती. तिच्या नावाची सही करायची हिंमत माझ्यात नव्हती. कापडवाले दुकानातून माझ्याकडे पाहत होते. मी तिचा अर्ज पेटीत टाकला आणि महिनाभर तिच्याशी धड बोललो नाही.

उत्तर आलं तेव्हा मी घरीच होतो. पाकिटावर तिचं नाव, म्हणून फोडता येईना. तिने ते घेतलं आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. दार ओढलेलं. आत कुजबुज. मी ओसरीवर येरझारा घातल्या, खोकलो, शेवटी ओरडलो, "मिळाली का जागा?"

"मिळाली!" आतून बायको ओरडली. तिच्या आवाजात रडू होतं. "आणि माळ्यावरची वळकटी काढा आधी, पंधरा दिवसांत जायचं आहे त्यांना."

वळकटी काढली. मग ते पत्र हातात आलं तेव्हा मी दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा चष्मा पुसून वाचलं. जागा दिली आहे, अमुक तारखेला हजर व्हावं, एवढंच. अप्लाय आवडलं म्हणून दिली की अप्लाय असूनही दिली, याबद्दल त्या मॅडमने एक ओळसुद्धा लिहिली नव्हती.