रुमालाखालचा भाव

आमच्या शिरूरकडं बैलाचा भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरतो, शेजारच्याला कळू नये म्हणून. गेल्या वर्षी मामांसोबत मी बैल घ्यायला बाजारात गेलो. जाताना मामा म्हणाले, "माणसाला अक्कल हाय, तिथंच तो जनावराहून येगळा."

बैल दोघा सख्ख्या भावांचा होता. धाकट्यानं रुमालाखाली सौदा केला आणि पेंडीच्या दुकानासमोर चहा पीत बसलेल्या थोरल्याला येऊन सांगितलं, "दादा, चाळीसच्या वर सरकंनात." थोरल्यानं मान डोलावली. दोघांकडंही साधे फोन, म्हणून मामांनी दुकानदाराच्या खात्यावर पैसे टाकायचे आणि त्यानं भावांना रोकड द्यायची असं ठरलं. मामांनी मोबाईलवर बटण दाबलं आणि दुकानातला डबा अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असा बोलला, "पन्नास हजार रुपये प्राप्त झाले."

थोरल्यानं चहाचा कप धाकट्याच्या तोंडावर फेकला. धाकटा त्याच्या मनगटाला कडकडून चावला. बैल बाजूला निवांत रवंथ करत उभा होता.

दात बघितल्याशिवाय बाजारात कुणी जनावर घेत नाही. आम्हीही बैलाचे बघितले होते. मालकाचे दात मात्र पैसे दिल्यावर दिसले.