मामांचा राहिलेला शॉट

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. कारण सोपं आहे — मी स्वतः तीन नाटकांत भूत झालेलो आहे. तोंडाला टाल्कम पावडर चोपडून, डोळ्यांखाली काजळ फासून परभणीच्या रंगमंचावर असा काही हसलोय, की पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी चप्पल हातात घेतली होती. भूत आतून कसं असतं हे ज्याला माहीत आहे, त्याला बाहेरून काय घाबरवणार? पोटापाण्यासाठी मी दातांचा डॉक्टर. म्हणजे लोकांना घाबरवणं हा छंदही आणि व्यवसायही.

या सदरातले अनुभव मी न चुकता वाचतो आणि बायकोला आवाज काढून वाचून दाखवतो. म्हणून आधीच सांगून ठेवतो, माझ्या अनुभवात अमावस्या नाही, पिंपळ नाही, पैंजण नाहीत. एप्रिलमधलं लख्ख ऊन आहे, शेणाने सारवलेली जमीन आहे आणि गोल्फ आहे.

हो, गोल्फ. परभणी जिल्ह्यात. हसून घ्या, मी थांबतो.

झाला प्रकार असा. माझे सख्खे मामा फौजेत मेजर होते. आयुष्यभर छावण्यांमधून गोल्फ खेळले आणि रिटायर होऊन झरीच्या शिवारात आपल्या शेतावर राहायला आले, ते गोल्फची बॅग खांद्यावर टाकूनच. गावाला वाटलं, मेजरसाहेबांनी बंदुका आणल्या. हरभरा निघाला की जूनपर्यंत वावर रिकामंच. मामांनी त्यात सहा होलचं मैदान आखलं. आमच्याकडे हिरवळ कुठली? होलभोवतीची जागा रोलर फिरवून, शेणाने अंगणासारखी सारवायची. सारवणाची देखरेख मामीकडे. होल म्हणजे जमिनीत पुरलेला तेलाचा डबा, शेजारी खुणेचा झेंडा. आणि एक रिवाज मामांनी पहिल्यापासून घातला होता — त्या दिवशी होल कुठे पाडायचं ते पाहुण्याने ठरवायचं आणि डबा त्यानेच पुरायचा. घरच्या माणसाला फायदा नको. फौजी शिस्त!

दुसरा नियम भेगांचा. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडतात. त्यांत बॉल गेला की गेला. तिथे दंड न घेता नवा बॉल ठेवायचा, अशी मुभा होती.

आता मामांच्या आयर्न्सबद्दल सांगायलाच हवं, कारण सगळं रामायण त्यांच्यावरूनच झालं. गोल्फच्या लोखंडी काठ्या दोन जातीच्या. एक साच्यात ओतलेल्या — मागून जाड, पोकळ. बॉल थोडा इकडेतिकडे लागला तरी सांभाळून घेतात. माझ्या तसल्याच, पोट सुटलेल्या. मामांच्या मात्र फोर्ज्ड. तापवून, घाव घालून घडवलेल्या, पाठीमागून सुरीसारख्या पातळ. त्या काठीच्या तोंडावर रुपयाएवढी जागा असते. बॉल बरोबर तिथे लागला पाहिजे. बोटभर चुकला, तर मनगटापासून दाढेपर्यंत झिणझिण्या. मामांच्या सात नंबरच्या आयर्नवर ती रुपयाएवढी जागा घासून चांदीसारखी झाली होती. बाकीचं तोंड कोरं. इतकी वर्षं माणूस एकाच जागी मारत आलेला!

मी त्या आयर्नने मारायला गेलो की ते खुर्ची टाकून बघत बसायचे. मी हात झटकत नाचायला लागलो की म्हणायचे, "डाक्टर, हे लोखंड माफ करत न्हाई. नीट लागला ना, तर हाताला काहीच कळत न्हाई. लागला का न्हाई, असा प्रश्न पडला पाहिजे."

मी म्हणायचो, "म्हणजे दात निघाला आणि पेशंटला कळलंच नाही, तसं?"

"तुझ्या पेशंटला कधी कळलं न्हाई रं?"

असे मामा. त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यात आम्ही दोघं खेळत होतो. सहावा होल. गोठ्यापाशी उभं राहून, विहिरीवरून बॉल पलीकडच्या लिंबाच्या झाडाजवळ पोचवायचा. मामांचा बॉल विहीर ओलांडून सारवणाच्या अलीकडे पडला, दोन टप्पे घेतले... आणि भेगेत गडप. मी खिशातून नवा बॉल काढून पुढे केला. मामांनी घेतला नाही.

"त्याची काही गरज न्हाई," ते म्हणाले. "माझा बॉल कुठं हाय ते मला ठाऊक हाय. शॉट राहिलाय, एवढंच."

त्यानंतर ते कुणालाही हेच ऐकवायचे. गावात कुणी विचारलं, काय चाललंय मेजरसाहेब, तर उत्तर ठरलेलं — शॉट राहिलाय. त्याच पावसाळ्यात मामा गेले. काळी माती फुगली, भेगा मिटल्या, वर सोयाबीन उभी राहिली.

दोन वर्षं आयर्न्स मामीच्या कपाटात होत्या. मग प्रशांतरावांनी त्या मागितल्या. प्रशांतराव म्हणजे मामांचे जावई, माझ्या मामेबहिणीचे, विद्याचे यजमान. पुण्यात मोठी कंपनी चालवतात आणि गोल्फ असं खेळतात, की पाहताना आपल्याला आपली लाज वाटावी. माणूस सज्जन, फक्त नियमांचा कीडा. त्यांना तो सेट ऑफिसच्या केबिनमध्ये काचेच्या कपाटात, आतून दिवा लावून ठेवायचा होता. मामांची आठवण म्हणून. म्हणणंही चुकीचं नव्हतं. "सुधीरदादा, या खेळणाऱ्याच्या काठ्या आहेत. इथे गंजतील. आणि राग मानू नका, पण तुमच्याने त्या झेपत नाहीत."

राग कसला? खरंच होतं ते. पण काच? आतून दिवा? माझ्या डोळ्यांसमोर मामा आले — काचेच्या कपाटात, अटेन्शनमध्ये, वरून दिवा. आणि मी नको ते बोलून बसलो. रंगमंचाची सवय वाईट. ओसरीवर उभा राहिलो, हात पसरले आणि जाहीर केलं, की खेळून काय तो निकाल लावू. सहावा होल. मामांच्याच आयर्न्स. कमी फटक्यांत बॉल डब्यात घालेल, त्याचा सेट. मी जिंकलो तर सेट झरीतच राहील आणि इथेच खेळला जाईल.

प्रशांतरावांना माझी दया आली असावी, पण ते हो म्हणाले. मामी आतून शेंगा फोडता फोडता म्हणाली, "सुध्या, तुला रं कशाला सुचायलंय हे? विहिरीत तुझे बॉल लय झालेत. मोटर अडकती."

सकाळी प्रशांतरावांनी रिवाजाप्रमाणे स्वतः जागा निवडली, कुदळ घेतली, डबा पुरला. पुरताना आत हात घालून माती साफ केली. हे मी मुद्दाम सांगतोय, लक्षात ठेवा. मग ते गोठ्यापाशी आले आणि त्यांनी आपल्या बॅगेतून दोन नवे कोरे बॉल काढले. दोन्हींवर त्यांच्या कंपनीचं नाव, केशरी अक्षरांत. एक स्वतःला, एक मला. हेही लक्षात ठेवा.

पहिला फटका त्यांचा. काय सांगू! बॉल विहिरीवरून असा गेला जसा बगळा जातो, आणि सारवणावर उतरून डब्यापासून हातभर अंतरावर थांबला. सालगडी केरबा दावणीला बैल बांधता बांधता थांबला आणि त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं लोक माझ्या खुर्चीत बसलेल्या पेशंटकडे पाहतात.

प्रशांतराव चालत पुढे गेले आणि थेट झेंड्याजवळ उभे राहिले. मी ओरडून सांगितलं, बाजूला व्हा, लागेल. ते तिकडून म्हणाले, "दादा, तुम्ही मारताना सगळ्यात सुरक्षित जागा हीच आहे."

केरबा हसला. मामी हसली. बैलसुद्धा... असो.

मी सात नंबर हातात घेतली. ती चांदीसारखी जागा उन्हात चमकत होती. खरं सांगतो, मामांना हाक वगैरे मारली नाही. डोक्यात एकच विचार होता, मोटर अडकायला नको. मी काठी उचलली आणि फिरवली.

काही झालं नाही.

हाताला काहीही लागलं नाही. झिणझिणी नाही, धक्का नाही. मला वाटलं, हवेतच गेली. आता आयुष्यभर ऐकून घ्यावं लागणार. खाली पाहिलं, तर बॉल नव्हता.

वर पाहिलं. बॉल उंच, विहिरीच्या बरोबर वर, पांढराशुभ्र. उतरला. सारवणाच्या अलीकडे एक टप्पा, दुसरा टप्पा, मग घरंगळत, प्रशांतरावांच्या बुटांना वळसा घालून... आणि टण्ण! तेलाच्या डब्याचा तो आवाज गोठ्यापर्यंत आला. एका फटक्यात! होल इन वन! मी, सुधीर, विहिरीचं जुनं गिऱ्हाईक!

मी नाचलो. काठी डोक्यावर धरून गोठ्याला अख्खी प्रदक्षिणा घातली. केरबाला मिठी मारली. बैलालाही मारणार होतो, त्याने शिंग हलवलं.

मग लक्षात आलं, की प्रशांतराव टाळ्या वाजवत नाहीयेत. ते डब्यात हात घालून, वाकून, तसेच थांबले होते. आम्ही तिघं धावत तिथे गेलो. त्यांनी हात बाहेर काढला.

हातात बॉल होता. पण माझा नव्हे. जुना, पिवळट, खळग्याखळग्यांत काळी माती भरलेला. आणि माती ओली. एप्रिलच्या उन्हात, जिथे वरची ढेकळं विटांसारखी वाजतात, तिथे ओली गार माती. प्रशांतरावांनी अंगठ्याने ती पुसली. खाली लाल रंगाची तीन टिंबं होती, बेलाच्या पानासारखी.

ती टिंबं मला ठाऊक होती. मामांनी एकदा कुठूनतरी मामीसाठी लाल नेलपॉलिश आणली होती. मामी म्हणाली होती, शेणात हात घालणारीला नखं कशाला रंगवायची? मग मामांनी ती बाटली आपल्या बॉलवर खुणा करण्यात संपवली. तसली टिंबं दुसऱ्या कुणाच्या बॉलवर नव्हती, आणि तसला शेवटचा बॉल भेगेत गेला होता.

प्रशांतरावांनी डब्यात पुन्हा हात घातला. डबा उपसून उलटा केला. केशरी अक्षरांचा बॉल नव्हता.

"मी पाहिलाय," ते म्हणाले. "शेवटपर्यंत पाहिलाय. पांढरा होता. माझ्या बुटाजवळून गेला. त्याच्यावरचं नाव दिसलं मला."

आणि मग, वाचकहो, जे व्हायचं तेच झालं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. निव्वळ थट्टा म्हणून लोकांच्या लग्नात खोटा उपाध्याय बनून गेलेला माणूस मी. संशय दुसऱ्या कुणावर घेणार? पण मी गोठ्यापाशी, विहिरीच्या अल्याड. डबा पुरला जावयाने, बॉल दिला जावयाने, बाहेर काढला जावयाने!

मामी माझ्यासमोर आली. "सुधीर," ती म्हणाली. ती मला कधी पूर्ण नावाने हाक मारत नाही. "पोखर्णीच्या नरसिंहाची आण घेऊन सांग. हे तुझं काम न्हाई ना?"

"नाही, मामी."

लांबलचक संवाद पाठ असणारा मी, त्या दिवशी मला दोनच शब्द सुचले. कदाचित म्हणूनच तिने विश्वास ठेवला.

प्रशांतरावांमधला नियमांचा कीडा तेवढ्यात जागा झाला. म्हणाले, नियमाप्रमाणे हा चुकीचा बॉल आहे. दादांचा बॉल हरवला असं धरावं लागेल, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या... मामीने त्यांच्या हातातून बॉल घेतला. तिने पदराने एकेक टिंब पुसलं. मग हसली. मामा गेल्यापासून तिला तसं हसताना मी पाहिलं नव्हतं.

"ज्याचा बॉल डब्यात, तो जिंकला. असंच हाय ना तुमचं, जावईबापू?"

"हो... तसं आहे."

"मग ते जिंकले. त्यांचा शॉट राहिला होता, झाला. काठ्या त्यांच्या हायेत, त्या कुठंच जायच्या न्हाईत. ज्याला खेळायचंय त्यानं इथं येऊन खेळावं."

प्रशांतरावांनी वाद घातला नाही. त्यांनी वाकून मामीला नमस्कार केला आणि मग, काय मनात आलं कोण जाणे, लिंबाच्या दिशेने खाडकन सॅल्यूट ठोकला. पुण्याचा तो टापटीप माणूस, बुटाला शेण लागलेला.

आता ते सुट्टी काढून काढून झरीला येतात. आल्या आल्या मामी त्यांच्या हातात कुदळ देते. काचेचं कपाट रद्द झालं. आणि मी? त्या सात नंबरने मी त्यानंतर जेवढे फटके मारले, तेवढ्या झिणझिण्या खाल्ल्या. तो एक फटका सोडला, तर माझ्याने त्या खरंच झेपत नाहीत.

स्पष्टीकरणं पुष्कळ जणांनी दिली. एका प्राध्यापक मित्राने सांगितलं, काळी माती खालचं वर फेकते. फेकत असेल, पण डब्यात? आणि बदल्यात दुसरा घेऊन जाते? केरबा म्हणतो, घूस. घुशीला नेमकी वेळ कशी साधली, विचारलं की तो तंबाखू मळायला लागतो. आम्ही भेगांत तारा घालून पाहिल्या, विहिरीचा तळ शोधला. माझे जुने बॉल निघाले टोपलीभर. केशरी अक्षरांचा नाही निघाला. मला काहीही उत्तर सापडलेलं नाही, आणि मी आता शोधत नाही.

बॉलही शोधत नाही. गेल्या महिन्यात केरबा नांगर धरताना म्हणाला, डाक्टर, नीट बघत जाऊ का, तुमचा बॉल दिसला तर? मी त्याला हात जोडले. म्हटलं, बाबा, अजिबात बघू नकोस. मामांचा बॉल त्यांना कधी परत मिळाला, आठव जरा. माझा असू दे खाली निवांत.

परवा क्लिनिकमध्ये कुणीतरी विचारलं, काय चाललंय डॉक्टर? मी ड्रिल बाजूला ठेवला, छाती पुढे काढली आणि म्हणालो — "शॉट राहिलाय."