पन्नास वर्षं टिकणारी फरशी

डोलिना गावातल्या युक्रेनियन लोकांच्या हॉलच्या कमिटीत सात माणसं आहेत आणि त्यांच्यापैकी एकानंही त्या हॉलच्या स्वयंपाकघरात सलग अर्धा तास काढलेला नाही. कॉफी घ्यायला येतात, कढईतला परतलेला कांदा बोटानं उचलून तोंडात टाकतात, "वा, काय वास सुटलाय!" म्हणतात आणि चालू पडतात. अशा सात जणांनी बसून त्या स्वयंपाकघरात कोणती फरशी घालायची ते ठरवलं. स्लावका रोमानियुकला हे कळलं तेव्हा ती एकाहत्तर वर्षांची होती आणि त्यातली सत्तावन्न वर्षं दर गुरुवारी ती त्याच जमिनीवर उभी राहिली होती.

चौदाव्या वर्षी आईचं बोट धरून नव्हे, आईचं लाटणं घेऊन ती आत आली. मधल्या काळात तिचं पेट्रोशी लग्न झालं, तीन मुली झाल्या, तिघी विनिपेग शहरात गेल्या, गावातल्या इस्पितळात तिनं तीस वर्षं चादरी धुतल्या आणि मग पेट्रो गेला. गुरुवार मात्र चुकला नाही. पेट्रो रविवारी गेला, बुधवारी त्याला पुरलं आणि गुरुवारी सकाळी ही कणीक मळायला हजर. बायका बघतच राहिल्या तेव्हा ती म्हणाली, "घरी बसून काय करू? त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बघू? मीठ द्या इकडे."

गुरुवारी चौदा बायका पिरोगी करतात. पिठाची चकती, आत बटाटा आणि चीज, कड चिमटून बंद केली की उकळत्या पाण्यात. सकाळी सातला लागतात त्या दुपारी दोनला मोकळ्या होतात. बसून हे काम होत नाही, कणकेवर अंगाचा भार टाकावा लागतो. या पिरोगी विकून हॉलचं छप्पर झालं, गरम हवेची भट्टी झाली, बाहेर गाड्या लावतात तिथले दिवे झाले. आणि या बायकांच्या पायाखाली काय? नुसतं काँक्रीट. त्यावर कुणे एके काळी चिकटवलेल्या पातळ लाद्या, त्याही निम्म्या उखडलेल्या. बाहेर उणे तीस असतं तेव्हा त्या काँक्रीटमधून गारठा चढतो तो थेट कंबरेत जाऊन बसतो. म्हणून बायका बटाट्यांचे खोके उलगडून ते पुठ्ठे पायाखाली अंथरायच्या. दुपारपर्यंत त्यांचा लगदा व्हायचा, तो फेकायचा, पुढच्या गुरुवारी नवे पुठ्ठे. ज्यांच्या जिवावर अख्खा हॉल उभा, त्या पुठ्ठ्यावर उभ्या! आणि याची लाज सातांपैकी एकालाही वाटली नाही.

मग हान्या पावलिकनं येणं बंद केलं. हान्या स्लावकाची शाळेपासूनची मैत्रीण. तिच्याइतक्या झपाट्यानं पिरोगीची कड चिमटणारं माणूस त्या जिल्ह्यात नव्हतं. तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरनं सांगितलं, उभं राहायला हरकत नाही, पण काँक्रीटवर नाही. स्लावका तिला भेटायला गेली तर ही खिडकीशी बसून एकटीच पत्ते लावत होती. "तुमचं छान चाललंय ना गं?" असं तिनं विचारलं आणि स्लावकाला भडभडून आलं. घरी येईपर्यंत त्याचा संताप झाला होता.

दुसऱ्या दिवशी तिनं कमिटीचा अध्यक्ष ओरेस्ट बिलिन्स्की याला त्याच्या ट्रॅक्टरच्या दुकानात गाठलं. दोघं एकाच वर्गातले.

"ओरेस्ट, स्वयंपाकघराला नवी जमीन पाहिजे."

"करून टाकू की! मी बघतो."

"तू कशाला बघतोस? मी बघते. उभं मला राहायचंय."

ओरेस्ट हसला. स्लावकानं ते हसणं म्हणजे होकार धरला आणि तिथंच ती फसली.

पुढचे सहा आठवडे तिच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. फरशीवाल्याच्या दुकानातून तिनं मिळतील तेवढे नमुने आणले आणि ओळीनं मांडले. प्रत्येकावर तिनं बीटाचा रस ओतला, कारण बोर्श्टच्या, म्हणजे बीटाच्या सुपाच्या, डागापुढे जे टिकेल ते कशापुढेही टिकेल. मग वितळलेलं लोणी. मग उकळतं पाणी. मग खांद्याच्या उंचीवरून बिडाची कढई. आणि मग सगळ्यात महत्त्वाची परीक्षा, जी कुठल्याही दुकानात करत नाहीत: प्रत्येक तुकड्यावर मोजे घालून उभं राहायचं आणि चार किलो कणीक मळायची.

बाटलीच्या बुचाचा असतो तो कॉर्क पायाला सगळ्यात गोड लागला, पण बीटाचा रस प्यायला तो प्यायलाच. लिनोलियमवर तिचा जीव होता, आईच्या घरी तेच होतं; पण पाणी साचून राहिलं तसं ते कडेला फुगलं. व्हिनाइलवर गरम पातेल्याचा गोल वळ उठला. टाइलला काही म्हणजे काही झालं नाही, फक्त कणीक मळून झाल्यावर स्लावकाला खुर्ची धरून खाली बसावं लागलं. जाड रबरानं पहिल्या फेरीत लोणी पिऊन मान टाकली. तेव्हा ती पुन्हा दुकानात गेली, तिथल्या माणसाचं डोकं खाल्लं आणि तेलातुपाला दाद न देणारं दुसरं रबर मागवलं. तीन आठवडे लोणी तसंच ठेवून पुसलं, तर खाली जसंच्या तसं! त्यावर चार किलो मळून तिनं हौसेनं आणखी चार किलो मळली.

रबराचा तुकडा बगलेत मारून ती कमिटीपुढे गेली तेव्हा कमिटी बसली होती. टेबलावर केक होता.

"टाइल्स ठरल्यात, स्लावका," ओरेस्ट म्हणाला. "ब्रँडन शहरात निम्म्या किमतीत मिळाल्या. बसवणारा सोमवारी येतोय."

"कुणाला विचारून?"

"अगं, विचारायचं काय त्यात? चकचकीत आहेत, पुसायला सोप्या. पन्नास वर्षं टिकतील!"

"फरशी टिकेल रे. आम्ही कशा टिकणार ते सांग."

खजिनदार म्हणाला, रबर म्हणजे कसं गॅरेजसारखं दिसतं, आणि उद्या बिशप आले तर?

"बिशप काय पिरोगी चिमटायला येणारेत का?"

"पायाखाली चटया टाका ना मग," ओरेस्टनं तोडगा काढला.

"चौदा चटया? उकळतं पाणी नेताना कडेला पाय अडकून पडायचं कुणी? आणि दर गुरुवारी त्या उचलून धुवायला तू येणार?"

"तू प्रत्येक गोष्ट अंगावर घेतेस बघ," ओरेस्ट समजुतीच्या सुरात म्हणाला. "आम्ही हे तुमच्यासाठीच करतोय."

हे वाक्य ज्या बाईनं ऐकलं नसेल तिनं नशीब समजावं. स्लावकाची कानशिलं तापली. पण सोमवारी टाइल्स बसल्या. आणि वर भिंतीवर एक पितळी पाटी: आमच्या कष्टाळू महिलांना सप्रेम भेट. भेट! त्यांच्याच पिरोगींच्या पैशातून त्यांनाच भेट, तीही त्यांनी नको म्हटलेली.

नव्या फरशीवर पहिल्या गुरुवारी पुठ्ठे अंथरले तर ते सरकायला लागले. लारिसा, त्यातल्या त्यात तरुण, पातेलं घेऊन घसरता घसरता वाचली. म्हणजे होतं नव्हतं ते पुठ्ठ्याचं सुखही गेलं. नवी फरशी झाली म्हणून हान्या आली होती, नवा एप्रन शिवून. तासाभरानं तिनं चिमटणं थांबवलं, बादली उलटी घालून तिच्यावर बसली, थोड्या वेळानं एप्रनची घडी केली. "मला जरा बाजारात जायचंय," असं म्हणून ती गेली. फेब्रुवारीतल्या त्या बर्फात तिला कुठल्या बाजारात जायचं होतं ते सगळ्यांना कळलं.

पुढच्या गुरुवारी पहाटेच स्लावका हान्याच्या दारात.

"मी नाही येत गं. कशाला लाजवतेस?"

"मोजे घाल जाड. चल."

हॉलमध्ये स्वयंपाकघराच्या शेजारीच नाचाचं मोठं दालन आहे. मेपलच्या लाकडाची जमीन, आरशासारखी. वर्षातून चार कार्यक्रम आणि शनिवारी मुलांचा सराव, एरवी तिथं कुणाला पाऊल टाकू देत नाहीत. ती ओरेस्टनं स्वतः उभं राहून करून घेतलेली, दारावर त्याच्याच हातची पाटी: बाहेरचे बूट घालून येऊ नये.

"मावशी, ओरेस्टकाका जीव घेतील आपला," लारिसा म्हणाली.

"बुटांची मनाई आहे. कणकेची कुठं लिहिलीय? काढा बूट."

चौदाजणींनी बूट काढले आणि टेबलं उचलून आत नेली. पिठाची पोती, परातीच्या पराती बटाटे, सगळं दालनाच्या मधोमध. उकळतं पाणी तेवढं स्वयंपाकघरात राहिलं. काम सुरू झालं आणि थोड्या वेळानं एकेक बाई पाय हलवून बघायला लागली, टाचा उचलून बघायला लागली. लाकडावर पीठ भुरभुरत होतं.

साडेदहाला ओरेस्ट कॉफीला आला. दारातच त्याच्या तोंडाचं पाणी पळालं.

"अगं, काय चालवलंय काय! पीठ! या जमिनीवर पीठ!" तो बूट घालूनच दोन पावलं आत आला, मग भानावर येऊन मागे सरकला. "ही जमीन म्हणजे काय साधी वाटली तुम्हाला? खाली दुहेरी पट्ट्या आहेत, त्यांच्याखाली रबराचे ठोकळे आहेत! मी भांडून करून घेतलंय हे! नुसत्या काँक्रीटवर पोरं तासभर नाचली तर त्यांच्या गुडघ्यांची काय अवस्था होईल, आहे का कल्पना?"

चौदाजणींचे हात थांबले. स्वयंपाकघरात पातेल्यावरचं झाकण खडखडत होतं. ओरेस्टचं तोंड उघडंच राहिलं होतं आणि मानेपासून वर हळूहळू लाल होत तो पार कानांपर्यंत लाल झाला.

स्लावकानं लाटणं खाली ठेवलं.

"पुन्हा बोल, ओरेस्ट. हान्या तिकडे लांब उभी आहे, तिला ऐकू गेलं नसेल."

"गेलं ऐकू," हान्या म्हणाली. तिनं पुढची चकती उचलली, सारण भरलं, कड चिमटली. मग मान वर करून ती ओरेस्टला म्हणाली, "साडेतीन तास झाले. मी अजून उभी आहे."