कोलशेतच्या नकाशातील माझी रेघ

जुने नकाशे सांधून देणाऱ्या विसाजीपंतांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या पुस्तकासाठी मी गेल्या महिन्यात मजकूर दिला होता. कोलशेतच्या मिठागरांच्या जुन्या रंगीत नकाशावरील तुटलेला बांध पंतांनी जसाच्या तसा जोडून दिला, असे त्यात लिहिले होते. ते खरे नाही. पंतांनी तेथे कोरा कागद जोडला होता. त्यावरची रेघ माझी आहे. संपादकांनी कृपा करून तो मजकूर बाजूला ठेवला, हा दुसरा.

पंतांची पहिली भेट ठाण्यात, त्यांच्या ओसरीवर झाली. वडिलांनी मला घरीच लिहावयास शिकविले होते. नकाशांवरील गावांची नावे वहीत उतरविण्याच्या कामासाठी ते मला घेऊन गेले. पंतांनी अक्षराआधी माझे हात पाहिले.

"केसांना तेल लावतेस?"

मी घाबरून हो म्हटले.

"मग राखेने हात धुऊन ये. अक्षर मागाहून पाहू."

जुन्या नकाशांत झाडी दाखवावयास जंगाल, म्हणजे तांब्याचा हिरवा रंग, लावीत. तो हळूहळू कागद खातो. जेथे हिरवे असावयाचे, तेथे तपकिरी भोके पडतात. पंत अशा कागदाला मागून पातळ कागदाचे अस्तर देतात. त्यासाठी खळ गव्हाच्या चिकाची. चैत्रात काकू, म्हणजे पंतांच्या पत्नी, कुरडयांसाठी गहू भिजवीत आणि निम्मा चीक पंत उचलून नेत.

"यंदाही कुरडया नकाशांनीच खाल्ल्या," काकू येणाऱ्याजाणाऱ्यास सांगत.

"नकाशे जेवले तर गावे जगतील," पंत म्हणत.

"आणि जावई आले म्हणजे त्यांना गावे तळून वाढू का?"

त्या ओसरीवरचे ते दिवस आठवले की अजून चिकाचा आंबूस वास येतो.

कल्याणच्या एका व्यापाऱ्यांनी बंदराचा नकाशा आणला. दिवाणखान्यात लावावयाचा, म्हणून उडालेले रंग ताजे करून हवे होते. पंत म्हणाले, "शेट, आजोबांची तसबीर आणलीत, तर तिला दात बसवून देऊ का?" व्यापारी हसले आणि नकाशा कोऱ्या ठिगळांसह घेऊन गेले. जे गेले ते गेलेले दिसले पाहिजे, हा पंतांचा नेम.

हे सारे पाहूनही मी चुकले. पंत तापाने अंथरुणावर होते. नकाशाचे मालक, कोलशेतचे एक वृद्ध आगरी गृहस्थ, तो न्यावयास आले. नकाशातील बांधाकाठची हिरवी तिवरे झडून गेली होती आणि त्यांच्याबरोबर बोटभर बांधही. ते म्हणाले, "बाय, नकाशान आमचा बांध मधीच तुटलाय. तेवरा जोर ना गो!" तेवढा जोडून दे, एवढीच त्यांची विनवणी; मलाही ते तुटलेपण पाहवत नव्हते. मी पंतांच्या कोऱ्या ठिगळावर दोन टोकांमध्ये सरळ रेघ ओढली. बांध तेथे सरळ होता की वळला होता, हे मला ठाऊक नव्हते.

आता त्या रेघेवरून नवा बांध घालण्याचे ठरले आहे. तसे झाले तर त्या गृहस्थांच्या शेजारच्या घराचे अर्धे मिठागर जाईल. गेल्या आठवड्यात हे कळताच मी पंतांना सर्व सांगितले.

"रेघ माझी म्हणून सांगू," ते म्हणाले. "मी म्हातारा, डोळे चुकले म्हणतील. तुला मात्र पुन्हा कोणी कागद हाती देणार नाही."

ज्यांनी जन्मात एक रेघ पदरची घातली नाही, त्यांच्या नावावर ही कशी राहू देऊ? मी नाही म्हटले. त्यांना तोंडावर नाही म्हणण्याची ही पहिलीच वेळ.

"बरं," पंत म्हणाले. "मग ओला बोळा घेऊन जा. चिकाने लावलेले ठिगळ पाण्याने सुटेल. पण आधी दोन्ही घरांना समोर बसव."

पंतांचा हात असाच स्थिर राहो, डोळे शाबूत राहोत, आणि काकूंची बोलणी ऐकावयास त्यांना पुरती शंभर वर्षे मिळोत. दोन्ही घरांना निरोप गेला आहे. मी कोलशेतला जाणार ती येत्या मार्गशीर्ष वद्य पंचमीस, शुक्रवारी सकाळी.