पायावर पाणी

शांतारामची पट्टी सोडली, तर आतला गॉज गढूळ पाण्याने भिजलेला. वासही मारत होता.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

तो खाली बघून म्हणाला, "गावानं, ताई."

मी म्हसळ्याकडच्या एका दवाखान्यात आया होते. शांताराम पाकिस्तानच्या लढाईतून पोटरीत गोळी खाऊन रजेवर आला होता. ड्रेसिंग माझ्याकडे. अशी खोल जखम तळापासून भरत यावी लागते. म्हणून आत औषधाची लांब पट्टी भरून ठेवतात, तिला पॅक म्हणतात. वरची कातडी आधी मिटली किंवा आत घाण गेली, तर पू होतो.

आमच्याकडे लांबून आलेल्या माणसाच्या पायावर पाणी घालून त्याला घरात घेतात. सरपंचांनी त्याला गावभर चालवत मिरवलं आणि दारोदार पायावर पाणी पडलं. पट्टी काय कुणाला दिसत नव्हती? त्या रात्री त्याला ताप भरला. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, पू वर चढला तर पाय कापावा लागेल.

पॅक काढताना फार दुखतं, माणसाला बोलतं ठेवावं लागतं. म्हणून एरवी न बोलणारी मी त्याला लढाईचं विचारायची. उघड्या शेतात त्याचा सोबती जखमी होऊन पडला होता आणि समोरून मशीनगन चालू होती. हा रांगत गेला, त्याला खांद्यावर घेऊन निघाला. वाटेत गोळी लागली.

"मग खाली ठेवलंस त्याला?"

"न्हाय. ठेवला असता तर परत उचलता आला नसता."

ताप उतरतोय तोच सरपंच दवाखान्यात हजर. तालुक्यातर्फे त्याचा सत्कार होता. एसटी स्टँडपासून शाळेपर्यंत जवान बूट घालून चालत यायला हवा होता. डॉक्टर नाही म्हणाले. सरपंच हसले. गोळी सोसली त्याने, एवढं चालणं सोसंल, म्हणाले. आणि वडीलधाऱ्याला नाही कसं म्हणायचं म्हणून शांताराम टेबलावरून पाय खाली सोडू लागला.

मी त्याचा पाय धरून परत टेबलावर ठेवला.

"खुर्चीत बसवा आणि खांद्यावरून न्या त्याला," मी म्हटलं.

"बाय, आम्ही काय भोई हाव?"

"फुटक्या पायानं त्यानं माणूस वाहून आणला. तुमच्यावर कोण गोळ्या झाडतंय?"

सरपंच निघून गेले.

खुर्ची उचलायला कुणी आलं नाही. सत्कार मात्र झाला. स्टेजवर शांतारामचा फोटो ठेवून त्याला हार घातला. जिवंत माणसाच्या फोटोला! त्याची आई पुढे बसली होती. ती उठली, स्टेजवर चढली, हार काढून खाली टाकला आणि फोटो पदराखाली घेऊन घरी गेली.

पाय वाचला. थोडा लंगडतो, पण लावणीला शेतात उतरतो. माझं एवढंच म्हणणं आहे, शूराचा सत्कार करणाऱ्यांना आधी त्याला उचलून दाखवायला सांगावं.